हनुवटीखालचा पट्टा

सोनकांबळे सरांना एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला तर ते आधी त्या शब्दाचं गाव सांगत. तो मूळचा कुठला, कोणाच्या तोंडून निघाला, वाटेत त्यानं कुठं कुठं मुक्काम केला, त्याचे भाऊबंद कोण, हे सगळं झालं की मग म्हणत, "आता अर्थ तुम्हाला कळलाच असेल." पुष्कळदा तो कळलेला नसे. आठवीच्या वर्गाला तर मुळीच नसे. पण वर्ग गप्प बसून ऐके, आणि लातूरच्या आमच्या शाळेत छडीशिवाय वर्ग गप्प बसणं ही रोजची गोष्ट नव्हती.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवत होतो. म्हणजे राजांची नावं आणि तहांची कलमं पाठ करून घेत होतो. सर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी नोकरीत जुने. अंगानं बारीक, उंच, कायम पांढरा शर्ट, आणि त्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. मे महिन्यातसुद्धा बंद. मी एकदा म्हटलं, "सर, उकडत नाही का?" तर म्हणाले, "उकडतं." एवढंच. त्यांची ही सवय मला फार अवघड जाई. आपण प्रश्न विचारतो तेव्हा त्यातला अर्धा प्रश्न नुसता बोलण्यापुरता असतो. सर पूर्ण प्रश्नाचं उत्तर देत आणि थांबत.

ते नांदेड जिल्ह्यातले, उमरीकडच्या एका खेड्यातले. वडील गावकीची कामं करायचे. धर्मांतर झालं तेव्हा वडिलांनी ती कामं एका दिवसात सोडली आणि पुढची दहा वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या. सर औरंगाबादला शिकले. त्यांच्याकडे दोन खंडांची एक जाडजूड डिक्शनरी होती. तिच्यात शब्दांच्या वंशावळी दिलेल्या होत्या. नांदेडच्या एका म्हाताऱ्या निजामी अंमलदाराकडून त्यांनी ती घेतली होती. त्या गृहस्थांनी दरबारातली दस्तार म्हणजे पगडी आणि बगलूस म्हणजे कमरेचा पट्टा ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपला होता आणि डिक्शनरी विकायला काढली होती. सर सांगत, "मी तिथं गेलो तेव्हा त्यांनी मला आधी दस्तार दाखवली. हात लावू दिला नाही. डिक्शनरी मात्र स्वतः उचलून सायकलवर बांधून दिली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर फायद्यात राहिलेल्या माणसाचा आनंद असे.

लातुरात खोली शोधताना त्यांनी काय काय ऐकलं ते ते स्वतः कधी सांगत नसत. एकदा मी बरोबर होतो म्हणून मला माहीत. घरमालक सुपारीचा व्यापारी. माझ्या वडिलांच्या ओळखीचा. त्यानं चहा मागवला आणि चौकशी सुरू केली.

"आडनाव सोनकांबळे म्हणता? म्हंजे नांदेडकडचे का?"

"हो. उमरीजवळचे."

"गावात घर कुठं? मारुतीच्या देवळापाशी का वेशीच्या बाहेर?"

सर म्हणाले, "बाहेर."

मालकानं मान हलवली. मग बायकोच्या भावाला खोली लागणार आहे असं त्याला आठवलं. चहा आला तो आम्ही घेतलाच नाही. रस्त्यावर आल्यावर सर सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "बिराजदार, खानदान विचारायचं असेल तर शब्दाचं विचारावं. शब्दाला राग येत नाही."

मी हसलो. आमच्या घरात गळ्यात लिंग असतं, आणि आमच्या पंथात जात नाही असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या वाड्यामागच्या दोन खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. त्या मला त्या संध्याकाळी आठवल्या होत्या. वडिलांना विचारतो, असं मी मनात म्हटलं. विचारलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत सरकारनं मास्तरांना दुष्काळी कामांवर हजेरी लिहायला लावलं. मी आणि सर शिरूर अनंतपाळकडच्या एका रस्त्याच्या कामावर होतो. दोघांना मिळून एक राहुटी, एक रांजण आणि एक कंदील. माणसं उन्हात खडी फोडत, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात, आणि त्या भाकरीला वास येतो म्हणून कुरकुरत. तिथंच एकदा सरांनी कामावरच्या पोरांना राहुटीत बसवून 'ब्रेकफास्ट' हा शब्द शिकवला होता. जोडशब्द शिकवायचा तर आधी दोघांची घरं दाखवायची, ही त्यांची पद्धत. ब्रेक म्हणजे मोडणं, फास्ट म्हणजे उपास. एका पोरीनं विचारलं, "उपास धरायचा का न्हाई हे इंग्रजाला कोण सांगत होतं?" सर म्हणाले, "त्याचं तो ठरवत होता." पोरीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग बराय त्याचं."

कामाच्या कडेला, रस्त्यापासून वीस पावलांवर, गावच्या पाटलाचा बैल मेला. चारा नव्हता, पाणी नव्हतं, बैल बसला तो उठलाच नाही. कामावर पंधरा-वीस बौद्ध कुटुंबं होती. पाटलाचा गडी येऊन त्यांना म्हणाला, ओढून न्या. त्यांनी सांगितलं, आम्ही ते काम सोडलं. गडी गेला. बैल राहिला. पहिल्या दिवशी माश्या आल्या. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं वास राहुटीत आणला. तिसऱ्या दिवशी बैलाचं पोट एवढं फुगलं की वरचे दोन पाय जमिनीवरून उचलले गेले. लोक तोंडाला फडकी बांधून खडी फोडत होते, आणि मी हजेरीच्या कागदावर ओकलो.

चौथ्या दिवशी दुपारी पाटील स्वतः आले. धोतराचा सोगा नाकाला. रांजणातलं पाणी घेतलं नाही. मला नमस्कार केला आणि सरांशी बोलले.

"सर, तुम्ही शिकलेले. तुमच्या लोकास्नी समजून सांगा. रोगराई पसरंल."

"बैल कोणाचा?" सरांनी विचारलं.

"आमचाच की."

"मग तुम्हीच ओढायला पाहिजे."

"आमी?" पाटलांना खरोखर नीट समजलं नव्हतं. मग समजलं. ते माझ्याकडं वळले. "बिराजदार सर, तुमी तरी सांगा की ह्यास्नी."

मी म्हणालो, "बघतो." आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच असावा.

संध्याकाळ व्हायच्या आत पाटलाचे दोन मुलगे आणि एक पुतण्या आले. तोंडं गुंडाळलेली, दरोड्याला निघाल्यासारखे. शंभर-सव्वाशे माणसं हातोडे खाली ठेवून बघत होती. त्यांनी बैलाच्या शिंगाला दोरी बांधली आणि जोर केला. चार दिवसांच्या उन्हानंतर शिंगाची खोळ सुटून त्यांच्या हातात आली आणि तिघेही पाठीवर पडले. कोणी हसलं नाही. मग त्यांनी गळ्याला बांधली. तेव्हा जे झालं ते मी लिहीत नाही. एकंदर दोन तास लागले.

मी सरांना विचारलं, "दोरी कुठं बांधतात?"

"मागच्या पायांना. गुडघ्याच्या वर. माझ्या वडिलांना झोपेत बांधता आली असती."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं नाही," सर म्हणाले. "त्यांनी ओढायला सांगितलं."

यानंतर दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून आम्ही फुटलो. जिल्हा होणं म्हणजे नक्की काय होणं हे कोणालाच माहीत नव्हतं, पण झाल्यावर कमानी उभारतात हे सगळ्यांना माहीत होतं. गंजात, म्हणजे अडतबाजारात, प्रत्येक पेढीच्या दाराशी एक अशा कमानी लागल्या. काल जे तालुक्याचे पुढारी होते ते आज जिल्ह्याचे पुढारी झाले, आणि एका रात्रीत त्यांच्या चालण्यात फरक पडला. पाऊस त्या वर्षीही धड नव्हता. गावात नळाला चार दिवसांनी पाणी येत होतं. पण कमानींवरच्या झेंडूवर रोज सकाळी शिंपडायला टँकर होता.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. तूरडाळीच्या दोन गिरण्या, चार शाळा, आणि पांढऱ्या कपड्यांवर कधी डाग न पडू देण्याची कला. मंत्री जिल्ह्याच्या कार्यक्रमाला येणार आणि वाटेत आमच्या शाळेपाशी पाच मिनिटं थांबणार असं ठरलं. बाकी सगळ्या शाळा पोरांची कवायत दाखवणार. भाऊसाहेबांना वेगळं काहीतरी पाहिजे होतं. त्यांनी ठरवलं की आमच्या शाळेत शिक्षकच सलामी देतील. बावीस शिक्षक, खाकी पोशाख, डोक्यावर पुढं छज्जा असलेल्या साहेबी टोप्या. त्या बाविसांत पंचावन्न वर्षांचे संस्कृतचे मास्तर होते आणि दम्याचे दोन पेशंट होते.

टोप्या हैदराबादच्या जुन्या बाजारातून आल्या. कोणत्या फौजेनं टाकलेल्या होत्या कोण जाणे. पोत्यातून ओतल्या तेव्हा परक्या माणसांच्या घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास सुटला. आतल्या पट्टीवर काळं, चिकट असं काही होतं आणि माझ्या टोपीत दोन केस होते. ती मी डोक्यावर घातली. सगळ्यांनी घातल्या. भाऊसाहेब खुर्चीवर बसून बघत होते.

टोप्या मोठ्या होत्या. ड्रिलचे जाधव सर ओरडले, "दहिने देख!" बावीस डोकी उजवीकडं वळली. टोप्या मात्र समोरच बघत राहिल्या.

तालीम थांबवून सगळे शिक्षकांच्या खोलीत आले. भाऊसाहेबांकडून चहा-बिस्किटं होती. हेडमास्तर त्यांच्या शेजारी. हेडमास्तर त्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होत होते, आणि ज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव सोनकांबळे सरांचं होतं. संस्थेची शिफारस तेवढी बाकी होती. शिफारस म्हणजे भाऊसाहेबांची सही. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. म्हणून त्या दिवसांत सरांना लोक जरा जास्त वाकून नमस्कार करत होते. मीही करत होतो.

जाधव म्हणाले, "भाऊसाहेब, चिनस्ट्रॅप पाहिजेत. त्याबिगर टोप्या राहत न्हाईत. जुने कुणीतरी कापून घेतलेत."

"ही काय भानगड, चिनस्ट्रॅप?" भाऊसाहेब खुशीत होते. "आपले इंग्रजीचे सर हायेत की. सांगा सर, आमाला पण जरा ज्ञान होऊ द्या."

सरांनी कप खाली ठेवला. ते सांगू लागले, आणि त्या पंधरा मिनिटांत ते जितके खूश होते तितके मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते आणि पुढंही पाहिले नाहीत.

"चिन हा इंग्रजांचा घरचा शब्द," ते म्हणाले. "फार जुना. त्याचे भाऊबंद जर्मनांकडे आहेत, ग्रीकांकडे आहेत, आणि आपल्या संस्कृतातसुद्धा आहेत. हनु. ज्याच्यावरून आपली हनुवटी झाली. चिन आणि हनु हे मुळात एकाच घरातले, असं जाणकार मानतात."

संस्कृतच्या मास्तरांनी मान डोलावली. त्यांना इंग्रजांचा प्रथमच थोडा आदर वाटलेला दिसला.

"स्ट्रॅपचं तसं नाही. तो बाहेरून आलेला. ग्रीकांकडे पीळ घातलेल्या दोरीला एक शब्द होता, तो रोमनांनी उचलला. तिथून तो खलाशांकडे गेला. वल्हं अडकवायची दोरी. मग न्हाव्याकडे गेला. वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा. मग खोगीर करणारे, जोडे शिवणारे, घोडे राखणारे मोतद्दार. सगळा हातानं काम करणाऱ्यांत वाढलेला शब्द. चिन आणि स्ट्रॅप शेकडो वर्षं एकाच देशात राहिले, पण त्यांची गाठ पडली नाही. पुढं फौजेच्या टोप्या उंच झाल्या, घोडा पळाला की पडायला लागल्या, तेव्हा कुठं दोघांना एकत्र शिवलं. हा जोडशब्द त्या मानानं अगदी अलीकडचा. म्हणजे बघा, अर्धा शब्द पोथीवाल्यांच्या ओळखीचा आणि अर्धा न्हाव्या-चांभाराच्या दुकानातला. दोघांनी एकमेकांना धरलं तर साहेबाची टोपी राहते."

"वा," हेडमास्तर म्हणाले. आणि मग भाऊसाहेबांकडं बघितलं, म्हणायला हवं होतं की नाही ते कळावं म्हणून.

भाऊसाहेब हसत होते. ते चांगल्या मनानं हसत होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. "सर, पट्ट्याचं खानदान तुम्ही सांगितलंत. आता पट्टे पण तुम्हीच करून आणा. बावीस. मंगळवारपत्तूर. तुमच्याकडं काय, चामड्याचं काम घरचंच."

मास्तरांपैकी दोघं हसले. मग हसायचे थांबले. बाकीचे चहाकडं बघू लागले. माझं बिस्कीट नेमकं तेव्हा मोडून चहात पडलं होतं आणि मी ते बोटानं काढत होतो. तेवढ्या वेळात मला तोंड वर करून काहीही बोलता आलं असतं. बिस्कीट काढणं काही फार अवघड काम नव्हतं.

सर म्हणाले, "भाऊसाहेब, एक दुरुस्ती करतो. आमच्याकडं मेलेलं जनावर ओढायचं काम होतं. कातडं कमवायचं काम ढोरांकडं आणि शिवायचं चांभारांकडं. तिघांची घरं वेगळी. एकमेकांच्या पंगतीलासुद्धा बसत नव्हते. वरून बघितलं की सगळं एकच दिसतं, त्यामुळं चूक होते."

आवाज वर्गातलाच. भाऊसाहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला अर्थ गेला.

"चिडू नका, सर. आमच्या मनात तसं काई न्हाई."

"मी चिडलेलो नाही."

"हेडमास्तर व्हायचं म्हंजे चार कामं करून घ्यायची सवय पाहिजे माणसाला," भाऊसाहेब उठत म्हणाले. "मंगळवारी बघू."

ते गेल्यावर खोलीत सगळे एकदम बोलायला लागले, पावसाविषयी.

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुमचं त्यांच्याशी जमतं. जाऊन सांगा. स्वतः करायला कोण म्हणतंय? मोच्याकडं टाकायचे, पार्सल आणून ठेवायचं. विषय संपला. सही होऊन जाईल."

मी सरांच्या खोलीवर गेलो. गावाच्या टोकाला, विटांच्या भट्टीपलीकडं. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. दोन मुली अभ्यासाला बसलेल्या. मी हेडमास्तरांचं म्हणणं सांगितलं, वर आपलंही जोडलं. "सर, एका पार्सलचा प्रश्न आहे. वीस वर्षं नोकरी केलीत. कोण लक्षात ठेवतंय?"

वहिनी स्टोव्हजवळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ठेवलंच की लक्षात. नाहीतर इथवर कशाला आला असता?"

सर म्हणाले, "बिराजदार, पट्टे आणायला मला काहीच हरकत नाही. तुम्ही सांगितलं असतं तर आणले असते. कारण तुम्ही बाजारातून आणा म्हणाला असता. त्यांनी घरातून आणा म्हटलं."

"पण खुर्ची जाईल, सर."

"हाव, जाईल," ते म्हणाले. "ती मला पाहिजे होती." आणि मग मुलीच्या वहीतली चूक दाखवायला वाकले.

मंगळवारी पट्टे आले. मी आणले. हेडमास्तर काकुळतीला आले होते, जाधव रडायचे बाकी होते, आणि सायकलचं दुकान माझ्या वडिलांच्या पेढीला लागून होतं. जुन्या ट्यूबा कापून बावीस पट्ट्या केल्या, दोन्ही टोकांना भोकं पाडून टोपीच्या दोन बाजूंच्या बटणांना अडकवल्या. सरांसाठी केलेली एक जास्तीची निघाली. ती मी खिशात टाकली. भाऊसाहेबांनी एक ओढून बघितली, सोडली, ती फट्कन वाजली. "बिराजदार कामाचा माणूस," ते म्हणाले. ट्यूबा मी कापल्या म्हणून ते माझ्या घरचं काम आहे असं मात्र कोणी म्हणालं नाही.

मंत्री अकराला येणार होते, तीनला आले. चार तास आम्ही एकवीस जण रस्त्याच्या कडेला उभे. ऊन असं की ट्यूबचं रबर नरम होऊन हनुवटीला चिकटलं. संस्कृतचे मास्तर खाली बसले तेव्हा त्यांना उचलून मंडपामागं नेलं आणि रांग जवळ सरकवून जागा भरून काढली. सर शाळेत होते. त्यांनी त्या दिवशी सगळे तास घेतले. बाकी सगळ्या शिक्षकांच्या वर्गांना एकटे पुरे पडणार कसे, म्हणून पोरांना व्हरांड्यात बसवून त्यांनी एकदमच शिकवलं. वारा आमच्या बाजूचा असला की त्यांचा आवाज यायचा. शब्द कळत नव्हते.

गाडी आली. "दहिने देख!" यावेळी टोप्या डोक्यांबरोबर वळल्या. मंत्री भाऊसाहेबांच्या हारात मान घालत होते. त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. गाडी गेली. जाधवांनी "विश्राम" म्हणायचं विसरून तिच्यामागं धाव घेतली. आम्ही पट्टे सोडले तेव्हा प्रत्येकाच्या हनुवटीखाली कानापासून कानापर्यंत काळी रेघ उठली होती. साबणानं गेली नाही, रॉकेलनं थोडी गेली. माझी बायको म्हणाली, "हे काय, कोणी गळा कापला होता का?" मी तिच्यावर ओरडलो.

महिन्याअखेर हेडमास्तर निवृत्त झाले आणि शिफारस माझ्या नावाची निघाली. सरांच्या फाईलवर 'संस्थेच्या कार्यक्रमात असहकार' असा शेरा. भाऊसाहेबांनी बोलावून पेढा दिला. "तुम्हाला काई अडचण?" त्यांनी विचारलं. मी पेढा खात होतो. तोंडात पेढा असताना नाही म्हणता येत नाही, आणि तो गिळल्यावर ते दुसऱ्या कोणाशी बोलू लागले होते.

सरांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज केला. जुन्या जिल्ह्यातून उत्तर आलं की प्रकरण नव्या जिल्ह्याकडं पाठवलं आहे. नव्या जिल्ह्याचं कार्यालय एका गोदामात होतं. तिथल्या कारकुनानं सांगितलं की उस्मानाबादची कपाटं अजून यायची आहेत. सर दर शनिवारी सायकलवर तिथं जात. कारकून दर शनिवारी उठून उभा राही, त्यांना खुर्ची देई, आणि तेच सांगे. दिवाळीच्या सुमारास संस्थेनं 'प्रशासकीय सोय' म्हणून सरांची बदली देगलूरच्या शाळेत केली. म्हणजे नांदेड जिल्ह्यात. कपाटं आली असती तरी आता अर्ज तिसरीकडं जायला हवा होता. वहिनींची नोकरी लातुरात, मुली लातुरात.

बदलीवर त्यांना सोडण्याच्या पत्रावर मुख्याध्यापक म्हणून माझी सही आहे. ती मी नव्या पेनानं केली. पेन भेट आलेलं होतं.

ते निघाले त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. देगलूरची गाडी लागलेली होती. डिक्शनरीचे दोन खंड गोणपाटात शिवून त्यांनी पायाशी ठेवले होते, ट्रंक टपावर. ते खिडकीशी बसलेले. बाह्यांची बटणं लावलेली. मी खिडकीखाली उभा राहिलो. रस्त्याविषयी बोललो, उदगीरला गाडी किती थांबते त्याविषयी बोललो, देगलूरला तेलुगू-कन्नड ऐकायला मिळेल, तुम्हाला करमेल, असं बोललो. सर उत्तरं देत होते. जेवढं विचारलं तेवढं.

ड्रायव्हर चढला. मग मी म्हणालो, "सर, मी त्या खुर्चीला नाही म्हणायला पाहिजे होतं."

असं वाक्य माणूस पुढचं उत्तर धरूनच बोलतो. समोरच्यानं म्हणायचं असतं, अहो, त्यात तुमचं काय, तुम्ही नसता तर दुसरा कोणी बसला असता. मग आपण थोडा विरोध करायचा, त्यानं परत तेच म्हणायचं, आणि दोघांनी हलक्या मनानं निरोप घ्यायचा. एवढ्यासाठीच मी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून तिथं उभा होतो.

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांना राग आलेला नव्हता. वर्गात एखाद्यानं उशिरा का होईना बरोबर उत्तर दिलं की ते असेच बघत.

"हाव," ते म्हणाले.

कंडक्टर चिमटा वाजवत त्यांच्यापाशी आला. ते त्याच्याकडं वळले आणि म्हणाले, "एक देगलूर." गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. स्टँडवर धूळ फार होती, हे खरं आहे.